नवस, नातलग आणि खाजे

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर बसलेली मोत माउली म्हणजे येशूची आई मारिया. कागदोपत्री तिच्या चर्चचे नाव ‘बॅसिलिका ऑफ अवर लेडी ऑफ द माउंट’ असे ऐसपैस आहे. वांद्रेकर तिला माउंट मेरी म्हणतात, कोळीवाड्यांत आणि वसईकडे ती मोत माउली असते, आणि रिक्षावाले नुसते ‘माउंट’ म्हणून जत्रेच्या आठवड्यात तिकडे यायला साफ नकार देतात. दर सप्टेंबरात भरणारी तिची जत्रा म्हणजे मुंबईकराच्या तीन आवडी एकाच फेरीत उरकण्याची सोय : देवाला साकडे घालणे, नातेवाइकांकडे जेवणे आणि उघड्यावर हुंदडणे. यांतला मूळ हेतू कोणता असे विचारले तर प्रत्येक जण पहिला सांगतो. घरून निघताना मात्र त्याच्या पोटात दुसऱ्याची भूक असते आणि हातात तिसऱ्याची रिकामी पिशवी.

जत्रेची तारीख ठरवण्याची रीत मुंबईच्या स्वभावाला धरून आहे. मारियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. तामिळनाडूत वेलांकनीचा सण त्याच दिवशी होतो, मंगळूरकडचे ख्रिस्ती त्याच दिवशी नव्या भाताच्या ओंब्या चर्चमध्ये नेतात. मुंबईकराला त्या दिवशी कामावर जायचे असते. म्हणून इथे सण ८ तारखेनंतरच्या रविवारी, आणि जत्रा त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. ८ तारीखच रविवारी आली तर प्रश्न मिटतो. २०२४ साली तशी ती आली, पण आदल्या दिवशी गणेशचतुर्थी होती. असे दोन सण एकमेकांना लागून आले की गणपतीला आलेला पाहुणा ‘आता आलोच आहे तर’ या तत्त्वावर जत्रेपर्यंत टिकतो.

पहिल्या रविवारी जातात ते गर्दीची आवड असलेले. ज्यांना गर्दी सोसत नाही ते पूर्ण विचार करून दुसऱ्या रविवारी जातात आणि तितक्याच विचारी माणसांच्या गर्दीत चेपले जातात. काही चतुर मंडळी मधला बुधवार साधतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बाराही महिने दर बुधवारी नोव्हेना म्हणजे खास प्रार्थना असते, तेव्हा एका रजेत दोन चर्च होतात. अडचण एवढीच, की ही युक्ती सगळ्या चतुर मंडळींना एकदमच सुचते.

माहीमचे आणि माउलीचे नाते जुने आहे. पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी टेकडीवर प्रार्थनामंदिर उभारले. १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी तिथल्या माउलीच्या मूर्तीचा हात सोन्याच्या लोभाने तोडला आणि मधमाश्यांच्या थव्याने त्यांना पिटाळून लावले, अशी आख्यायिका आहे. मूर्ती समुद्रात तरंगताना कोळ्यांना सापडली असेही सांगतात, आणि कोळी मंडळी माउलीवर घरच्यासारखा हक्क सांगतात तो त्यावरूनच. पुढे १७३८-३९ च्या धामधुमीत मराठ्यांच्या फौजा साष्टीत होत्या, तेव्हा मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हलवण्यात आली. ती परत टेकडीवर गेली १७६१ च्या सुमारास. चार दिवसांसाठी म्हणून जाऊन वीस-बावीस वर्षे राहण्याचा हा विक्रम वांद्र्याच्या कोणत्याही पाहुण्याला अद्याप मोडता आलेला नाही, प्रयत्न मात्र दरवर्षी होतात.

हल्लीची इमारत १९०४ सालची. ती बांधली शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाने. १९५४ मध्ये पोपनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला. पण जत्रा खरी फुगली ती त्याच्याही आधी, रस्त्यामुळे. मुंबई आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि माउलीकडे जायला होडी लागे. पावसाळ्याच्या अखेरीस खवळलेल्या पाण्यातून होडीने जाणाऱ्या माणसाला नवस बोलायला टेकडीपर्यंत पोचण्याची गरज नसे, तो होडीतच बोलला जाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. मूल व्हावे म्हणून त्यांनी माउलीला नवस बोलला होता, अशी कथा सांगतात. बांधावर टोल घेऊ नये अशी त्यांची अट होती. त्याच खाडीच्या तोंडावरून २००९ मध्ये सागरी सेतू झाला. त्याच्यासाठी कोणी नवस बोलले नव्हते, त्यामुळे तिथे टोल आहे.

चर्चकडे चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेणाची दुकाने लागतात. नवख्या माणसाने इथे थोडी मनाची तयारी करून जावे. बांबूला सुतळीने टांगलेले गुलाबी आणि पांढरे हात, पाय, डोकी, हृदये आणि गुटगुटीत बाळे वाऱ्यावर हलत असतात. रीत अशी की जे दुखते ते मेणात वाहायचे आणि जे हवे तेही मेणातच मागायचे. व्यवस्था उत्तम आहे, फक्त साचे मोजके आणि दुखणी अगणित. गुडघा धरलेल्या आजोबांना सुटा गुडघा मिळत नाही, अख्खा पाय घ्यावा लागतो. तोही डावा-उजवा पाहून घ्यावा, नाही तर चांगला पाय वाहिला जातो आणि दुखरा घरी परत येतो. मणक्याची गादी सरकलेला कारकून ‘पाठ आहे का?’ असे विचारतो तेव्हा दुकानदार क्षणभर विचार करून सबंध मनुष्याकृती पुढे करतो. “फुल बॉडी घ्या साहेब, सगळं कव्हर होतं.” विमा कंपनीच्या एजंटाला असे पटवणे आयुष्यभर जमत नाही.

मागण्यांचे मेण तर काळाबरोबर चालते. विमाने आहेत, मोटारी आहेत, पासपोर्ट आहेत. सर्वाधिक खप घराचा. गंमत अशी की मेणातले घर नेहमी बंगलाच असते : उतरते छप्पर, पुढे दार, दोन खिडक्या, कधी कधी धुराडेसुद्धा. मागणारा मात्र नालासोपाऱ्याला स्टेशनपासून वीस मिनिटांवर वन रूम किचन मिळावे एवढ्याच मताचा असतो. हातातला बंगला पाहून त्याला जरा संकोच होतो. बायको समजूत घालते, “असू दे, तिला कळतं.” मग लगेच दुकानदाराकडे वळून तीच बाई बंगल्याचा भाव दहा रुपयांनी खाली आणते. सासूबाई म्हणतात, नवसाच्या वस्तूला घासाघीस करू नये. सूनबाई म्हणतात, नवस माउलीचा आहे, दुकान ह्याचं आहे. या युक्तिवादाला धर्मशास्त्रात उत्तर असेल, पण सासूबाईंकडे नसते.

आणखी एक प्रकार उंचीइतक्या मेणबत्तीचा. मूल आजारातून उठले की त्याच्या उंचीची मेणबत्ती वाहीन, असा हा नवस. मूल पाळण्यात असतानाच फेडला तर काम दीड-दोन फुटांत भागते. पण आज जाऊ, उद्या जाऊ, परीक्षा झाली की जाऊ असे करता करता मुलगा दहावी ओलांडतो आणि साडेपाच फुटांची मेणबत्ती खांद्यावर टाकून बापाला चढ चढावा लागतो. मुलगा मागून हात खिशात घालून, कानात हेडफोन लावून येत असतो. जत्रेतल्या सगळ्या दृश्यांत वडिलांच्या श्रद्धेची खोली इथे सर्वांत स्वच्छ दिसते, कारण ती फुटांत मोजता येते.

मेण हे मेणच. वितळले की ते पुन्हा कुठल्याही साच्यात जायला मोकळे. तेव्हा गेल्या वर्षीचा कोणाचा तरी संधिवात यंदा कोणाचे तरी वन रूम किचन होऊन परत टेकडी चढत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

रांग लांब असते आणि तिच्यात सर्व धर्म असतात. ख्रिस्ती माणूस चपला घालून चर्चमध्ये जातो, हिंदू माणसाचा पाय दाराशी आपोआप चपलेतून बाहेर येतो. मग रांगेतले चार जण ‘काढायच्या असतात का हो?’ असे एकमेकांना विचारतात आणि दोन काढतात, दोन ठेवतात. आत गेल्यावर वर टांगलेल्या घंटेसाठी हात उचलला जातो, तो रिकाम्या हवेतून परत छातीशी येतो आणि क्रूसाची खूण करणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून नमस्कारात मिटतो. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा मिस्सा दिवसभर चालू असतात. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पांढरी भाकर घ्यायला लोक पुढे जाऊ लागले की काही भोळी मंडळी ‘प्रसाद वाटतायत’ म्हणून मागे उभी राहतात. त्यांना कोणी स्वयंसेवक हळूच बाजूला घेतो आणि कोणाला वाईट वाटू नये अशा शब्दांत सगळे समजावतो. हे काम अत्यंत कौशल्याचे आहे. एका अर्थाने जत्रेतला सर्वांत अवघड नवस हे स्वयंसेवकच फेडत असतात.

दर्शन झाले की माणसाला आपले नातेवाईक आठवतात. एरवी वर्षभर वांद्रे हे महागडे आणि लांबचे उपनगर असते, सप्टेंबरात तिथे अचानक आत्या, चुलत मावशी आणि आईच्या मामेबहिणीचे सासर निघते. नात्याची जवळीक रक्तावरून ठरत नाही, घर टेकडीपासून किती पावलांवर आहे यावरून ठरते. रनवार, पाली, चिंबई, शेर्ली-राजन या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे आहेत. काही अजून लाकडी, बाहेरून जिना असलेली, बाकीची उंच इमारतींत विरघळलेली. हे लोक इथलेच, मराठी बोलणारे. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, बाहेरून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून वेगळे दिसावे म्हणून त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ईस्ट इंडिया कंपनी बुडाल्यानंतर तिचे नाव अभिमानाने लावणारे जगात बहुधा एवढेच.

या घरांतली जत्रेची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. कडक उन्हात मिरच्या आणि वीस-पंचवीस मसाले वाळवून, भाजून, कांडून बाटली मसाला तयार होतो. तो बिअरच्या गडद बाटल्यांमध्ये ठासून भरतात. प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे आणि शेजारणीपासून गुप्त. या बाटल्या पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरवायच्या असतात. घरची आंटी सप्टेंबराच्या सुरुवातीला फडताळ उघडून बाटल्या मोजते, मनातल्या मनात वसईचे किती, उत्तनचे किती, गोराईचे किती याची बेरीज करते आणि एक बाटली तांदळाच्या डब्यामागे सरकवते. तिच्यावर नाताळ अवलंबून असतो.

शनिवारी रात्री सॉरपोटेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा रस्सा, शिजते. हा पदार्थ शिळा होईल तितका चढतो, आणि पाहुणे कधी टपकतील याचा भरवसा नसलेल्या समाजाने तो आपला मानावा, यात शहाणपणाच दिसतो. रविवारी सकाळी फुगियास तळायला घेतात. आंबवलेल्या पिठाचा गोळा मुठीतून पिळून तेलात सोडायचा, तो टम्म फुगून आपणच उलटतो. पहिला घाणा निघतो आणि दाराची घंटा वाजते.

“आम्ही काही खाणार नाही हं, जत्रेत खाऊन आलोय,” हे वाक्य चपला काढता काढताच म्हटले जाते. हे वाक्य म्हणजे प्रस्तावना. आंटीही ते तसेच घेते आणि ताटे मांडायला लागते. वसईच्या पाहुण्यांनी सुकेळी आणलेली असतात, उत्तनकरांनी सुके बोंबील. बोंबलांचे पुडके पाच कागदांत आणि दोन पिशव्यांत गुंडाळूनही लोकलच्या डब्यात त्यांना बसायला ऐसपैस जागा मिळालेली असते. पहिली फुगिया ‘चवीपुरती’ म्हणून जाते. दुसरी रश्श्यात बुडवायला काही तरी हवे म्हणून. त्यापुढच्या मोजायच्या नसतात. खाताना घरातल्या मुलांची उंची, शिक्षण आणि लग्न या तीन विषयांचा निकाल लागतो. कॅनडात गेलेल्याची चौकशी होते, न गेलेल्याची जास्त होते. पलीकडच्या खुर्चीत बसलेली विरारची मुलगी चुपचाप बशी धुवायला उठते, तेव्हा दोन वृद्ध स्त्रियांची नजरानजर होते. जत्रेत पाळण्यात बसायला आलेली मुले पुढे बोहल्यावर उभी राहतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा बशीपाशी सुरू झालेल्या असतात.

यजमानांच्या बाजूने पाहता सर्वांत वर्दळीची खोली म्हणजे मोरी. टेकडीवर लाखाच्या हिशेबात माणसे येतात आणि वांद्र्यात ओळखीचे दार एखादेच असते. ‘माउलीकडे आलो होतो, म्हटलं भेटून जावं’ असे म्हणत आलेला माणूस सरळ आत जातो, पाच मिनिटांनी बाहेर येतो, पाणी पिऊन निघतो. त्याचे नाव घरातल्या कोणालाच आठवत नाही. त्यालाही चहा विचारला जातो.

ऊन उतरले की सगळे पुन्हा बाहेर पडतात. आता खरी जत्रा. आकाशपाळणा फिरत असतो, बंदुकीने फुगे फोडायचे असतात, रिंग टाकून साबणाची वडी जिंकायची असते. वडीच्या किमतीच्या तिप्पट पैसे रिंगांवर जातात, पण जिंकलेल्या साबणाने आंघोळ करण्याचे सुख वेगळे. गोव्याकडच्या मिठाईची दुकाने ओळीने लागलेली असतात : गूळ-आल्यात घोळवलेले खाजे, काळपट चकचकीत दोदोल, पेरूची वडी. शिवाय गरम फुटाणे. विक्रेता चाखायला तुकडा देतो. चार दुकानांवर चार तुकडे चाखून पाचव्यावर खरेदी करणे ही पद्धत आहे आणि पाचवा विक्रेता ती जाणून असल्याने तो तुकडा देत नाही.

सप्टेंबरातला पाऊस पाळण्यात बसलेल्यांची वाट पाहत थांबलेला असतो. पाळणा वर जाऊन उभा राहिला की सर येते. खालचे लोक छत्र्या उघडतात, वरचे लोक माउलीची आठवण काढतात. सर ओसरल्यावर घोळका उतरणीने बँडस्टँडला येतो. पुढे टोकाला १६४० सालचा पोर्तुगीज किल्ला आहे. त्याच्या तटावर बसून समुद्र पाहण्याची सोय उत्तम आहे. पण तिथे पोचण्याआधी ‘मन्नत’ लागतो. शाहरुख खानच्या या बंगल्याच्या फाटकापुढे रांग नसते, झुंबड असते. सकाळी माउलीपुढे डोळे मिटून उभे राहिलेले कुटुंब इथे डोळे वटारून उभे राहते. आजी विचारते, “इथे काय वाहायचं?” नातू म्हणतो, “काही नाही, फोटो काढायचा.” आजीला हे दर्शन स्वस्त वाटते. शिवाय मालक बाहेर आला नाही याचे तिला वाईटही वाटत नाही, कारण टेकडीवरची तर कधी आत जात नाही.

परतीचा प्रवास हा जत्रेतला सर्वांत धार्मिक भाग. बेस्ट दरवर्षी जत्रेसाठी जादा बसगाड्या सोडते. त्या टेकडीपासून वांद्रे स्टेशनापर्यंत माणसे आणून ओततात. पुढे विरारची लोकल येते ती आधीच तुडुंब. हातात मुलगा, पिशवीत दोदोल, दुसऱ्या हातात फुगा आणि डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट घातलेली मुलगी, अशा अवस्थेत विरारची गाडी पकडणे म्हणजे दिवसभराच्या प्रार्थनेचा रोखीने हिशेब. जाणकार वसईकर उलट दादरला जातो, तिथून बसून येतो आणि वांद्र्याच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या भाविकांकडे खिडकीतून करुणेने पाहतो. फुगा मात्र मालाडच्या आसपास फुटतो. तो का आणला, यावर वसईपर्यंत बोलणे होते.

२०२० मध्ये साथीमुळे जत्रा भरली नाही. मिस्सा पडद्यावर पाहता आल्या, प्रार्थना घरबसल्या करता आली. खाजे, पाळणा आणि आंटीकडचे सॉरपोटेल पडद्यावर आले नाही, आणि त्या वर्षी लोकांनी हळहळ व्यक्त केली ती प्रामुख्याने या तीन बाबींची. यात श्रद्धा कमी पडली असे म्हणायचे कारण नाही. ज्या माउलीकडे माणसे गुडघ्यापासून घरापर्यंत सगळे मागतात, तिला फुगियासही ठाऊक असणारच.

जत्रा आठ दिवस असते. वांद्र्यात नातलग असणाऱ्यांनी दोन्ही रविवार सोडून मधला मंगळवार धरावा, आधी फोन करावा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. सुकेळी चालतात, बोंबील चालतात. खाजे नेऊ नयेत. त्या घरात ते आधीच तीन किलो साचलेले असतात.